मृगांनी सोडलेले औषध : जंगलकडेच्या सावलीत बाग उभारताना

औषधी द्रव्यांची शुद्धता हा आपल्या प्रत्येक सभेत निघणारा आणि प्रत्येक सभेत अर्धवट राहणारा विषय आहे. अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल बाजारात येते, कुडासालीत काळ्या कुड्याची भर पडते, सर्पगंधेच्या मुळात तिच्याच कुळातील दुसऱ्या जातीची मुळे मिसळलेली असतात. हे आपण सर्वजण जाणतो. यावर उपाय म्हणून 'वैद्याने आपली बाग स्वतः लावावी' असा सल्लाही आपण परस्परांना देत असतो. परंतु ती बाग कोठे लावावी, तेथे काय जगते आणि काय जगत नाही, याविषयी लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही. आम्ही काही वैद्यमित्रांनी मिळून कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, राधानगरी अभयारण्याच्या परिसरात अशी एक लहान बाग उभारली. तिच्यातील चुका आणि त्यांतून झालेले शिक्षण वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

जागा आणि पहिली लागवड

राधानगरीचे जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली ते दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत त्याचा समावेश झाला. गवा, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, साळिंदर ही येथील नित्याची जनावरे. आमची वीस गुंठे जमीन या रानाला लागून असलेल्या उतारावर आहे. तिच्यावर जांभूळ, अंजनी, पिसा आणि हिरडा यांची जुनी झाडे आहेत. ती तोडायची नाहीत हे आम्ही आरंभीच ठरविले होते. त्यामुळे जमिनीचा मोठा भाग सावलीचा.

जून २०१६ मध्ये पहिली लागवड केली. बाजारात जी द्रव्ये खात्रीची मिळत नाहीत तीच प्रथम लावावीत, असा सरळ विचार होता. म्हणून सालवण, पिठवण, शतावरी, गुळवेल आणि सीताअशोकाची रोपे निवडली. पावसाळ्यात ती उत्तम वाढली. हिवाळ्यातही टिकली. उन्हाळा लागताच रान सुकू लागले. आम्ही मात्र बागेला पाणी देत होतो. एप्रिल २०१७ मधील एका सकाळी जाऊन पाहतो तो सालवणीचा एकही शेंडा शिल्लक नव्हता. शतावरीचे कोवळे कोंब नाहीसे झाले होते. अशोकाच्या रोपांची लोंबती तांबूस पालवी ओरबाडलेली होती. गुळवेलीचा हात पोहोचेल तेथवरचा पाला संपला होता. तारेचे कुंपण जागेवर होते. सांबर त्यावरून आले होते आणि भेकर त्याखालून.

कोणी खाल्ले हे आधी ओळखावे

अशा वेळी 'हरणांनी खाल्ले' असे आपण सरसकट म्हणतो. आम्हीही म्हटले. परंतु चिकित्सेत जसे निदान आधी, तसे येथेही आहे. खाणारे जनावर चुकीचे ओळखले तर सगळा उपाय व्यर्थ जातो.

सांबर व भेकर यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ती पाला कापत नाहीत, ओढून तोडतात. तुटलेल्या देठाची कड फाटकी, रेषा सुटलेली दिसते. ससा किंवा साळिंदर यांचा चावा कात्रीने छाटल्यासारखा स्वच्छ आणि तिरपा असतो. साळिंदर बुंध्याची साल आणि कंद यांवर येते. रानडुक्कर पाला खाण्यासाठी क्वचितच येते. ते नांगरल्याप्रमाणे माती उलथते, आणि पुष्कळदा कंदासाठी नव्हे तर ओल्या मातीतील गांडुळे व अळ्या यांच्यासाठी. गवा जेवढे खातो त्याहून अधिक तुडवितो. चाव्याची उंचीही बोलकी असते. भेकराचा चावा साधारण कमरेच्या खाली राहतो, सांबर माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत सहज पोहोचते आणि गरज पडल्यास मागच्या पायांवर उभे राहून त्याहून वरही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नर सांबर शिंगांवरील मखमली कातडी निघताना आणि माजाच्या काळात कोवळ्या खोडांवर शिंगे घासते. खाण्यास नको असलेले झाडही अशा वेळी सालीसकट सोलले जाते. म्हणून 'सांबर खात नाही' आणि 'सांबराचा उपद्रव नाही' ही दोन विधाने एक नव्हेत.

गुराख्याचे ज्ञान

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की रानात शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक औषधींना नावाने व रूपाने ओळखतात. हे वचन आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो आणि पुढे विसरतो. आमच्या बागेच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे. तेथील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारे मामा म्हणतात, त्या सकाळी सहज बागेत डोकावले. उद्ध्वस्त वाफे पाहून ते म्हणाले, "डाक्टर, तुम्ही जनावराला ताट वाढून ठेवलंय. मग ते जेवणारच की."

आम्ही विचारले, "मग मामा, इथं लावायचं तरी काय?"

त्यांनी उत्तर देण्याऐवजी आम्हाला कुंपणाबाहेर नेले. त्याच उतारावर, त्याच सावलीत, कुड्याची झुडपे पानांनी भरलेली उभी होती. ओढ्याच्या काठची निर्गुंडी अस्पर्श होती. पडक्या बांधावरच्या अडुळशाला कोणी तोंडही लावले नव्हते. "शेळी जिला वास घेऊन सोडती, ती सांबर बी बहुतेक सोडतंय. पण शेळी कडू खात न्हाई असं समजू नका," एवढे सांगून मामा निघून गेले.

त्यांच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ कळायला आम्हाला बराच काळ लागला.

षड्रसांच्या कसोटीवर

आमची पहिली समजूत अशी होती की मधुर द्रव्ये जनावरे खातात व उरलेल्या पाच रसांची द्रव्ये सोडतात. निरीक्षणाने ही समजूत टिकली नाही.

मधुर रसाविषयी वाद नाही. सालवण व पिठवण ही शिंबी कुळातील, म्हणजे चाऱ्याच्याच कुळातील झाडे. शतावरीचे कोवळे कोंब तर आपल्याकडे माणसेही भाजी करून खातात. शिवणीचा पाला गुरे आवडीने खातात, तिची गळलेली पिवळी फळे मृगवर्ग वेचून खातो.

अम्ल रसही रक्षण करीत नाही. आवळ्याची गळलेली फळे चितळ व भेकर खातात आणि रवंथ करताना त्यांच्या बिया बाहेर टाकतात. आवळ्याच्या बीजप्रसाराला त्याचा हातभारच लागतो. लवण रस तर त्यांना ओढून आणणारा आहे. क्षारयुक्त माती चाटण्यासाठी सांबरे ठराविक जागी पुन्हा पुन्हा येतात, हे रानात फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कषाय रसाविषयी आमचा अंदाज सर्वांत अधिक चुकला. तुरटपणा जिभेला आखडवितो, म्हणून तो मृगांना नकोसा असेल असे वाटत होते. परंतु पाला खाऊन जगणाऱ्या अनेक मृगजातींच्या लाळेत टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिने असतात. गवत खाणाऱ्या गुरांपेक्षा ही जनावरे तुरट पाला अधिक सहज पचवितात. बेहडा, जांभूळ यांची फळे व कोवळी पालवी ती खातात याचे आश्चर्य वाटायला नको.

उरले तिक्त आणि कटु. तिक्त रस पुष्कळ अंशी रक्षण करतो, पण सर्वस्वी नाही. निंबाचा पाला शेळ्या व उंट खातात. गुळवेल तिक्त असूनही शेळ्या-गुरे तिचा पाला खातात, आणि आमच्या बागेत भेकरांनीही तो खाल्लाच. मामांच्या वाक्याचा अर्थ हाच होता. काळमेघासारखा अतितिक्त क्षुप मात्र आमच्याकडे एकदाही खाल्ला गेला नाही. कटु रसाची सुगंधी द्रव्ये सर्वांत सुरक्षित ठरली.

यावरून आमचा निष्कर्ष असा की एकटा रस पाहून निवड करू नये. रसाबरोबर आणखी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली गंध. मृगवर्ग आधी हुंगतो, मग चाखतो. निर्गुंडी, हळद, कचोरा, वेखंड यांचा उग्र गंध त्याला दूरच थांबवितो. दुसरी क्षीर किंवा चीक, जसा कुड्याचा. तिसरी काटे, लव आणि कंडू उत्पन्न करणारे गुण, जसे डोरलीचे काटे किंवा सुरणाच्या पानादेठांतील खाजरेपणा. चौथी तीक्ष्ण किंवा विषारी वीर्य, जसे चित्रकाचे अथवा लांगलीचे. यांपैकी दोन गोष्टी ज्या वनस्पतीत एकत्र असतात ती बहुधा सोडली जाते. तरीही 'कधीच खात नाही' असे कोणत्याही वनस्पतीविषयी म्हणू नये. भूक अनावर झाली की कडूही गोड लागते. शिवाय रोपवाटिकेतून आलेले, भरपूर खत-पाण्यावर वाढलेले कोवळे रोप पहिल्या वर्षी चाखून पाहिले जातेच. म्हणून कोणतेही रोप असो, पहिले वर्षभर त्याला काटेरी फांद्यांचे आळे हवे.

सावलीचा विचार

येथे एक शंका उपस्थित होईल. चरकाच्या कल्पस्थानात औषधी संग्रहासाठी जी भूमी प्रशस्त मानली आहे, तेथे आपल्याहून बलवान वृक्षांनी न झाकलेल्या औषधी घ्याव्यात असे सांगितले आहे. त्याच अध्यायात प्राण्यांनी न बिघडविलेली द्रव्ये घेण्याचाही निर्देश आहे. मग सावलीतील बाग शास्त्रसंमत कशी?

आमचे उत्तर असे की ज्या वनस्पतीचे मूळ घरच रानाची तळवट आहे, तिला माफक सावली हा उपघात नव्हे, ती तिची प्रकृती आहे. जिला ऊन हवे तिला सावलीत कोंबणे मात्र निश्चित उपघात आहे. म्हणून आम्ही जमिनीचे तीन भाग केले. दुपारी बारा वाजता जमिनीवर जेथे ऊन-सावलीची जाळी पडते ती विरळ सावली, जेथे उन्हाचे मोजके कवडसे पडतात ती मध्यम, आणि जेथे कवडसाही दिसत नाही ती दाट. ही पाहणी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये करावी, कारण पानगळीच्या झाडाखालची सावली ऋतूप्रमाणे बदलते.

विरळ सावलीत अडुळसा, निर्गुंडी, काळमेघ, चित्रक आणि हळद उत्तम येतात. मध्यम सावलीत सर्पगंधा, कचोरा, आंबेहळद, कोष्ठकोळिंजन आणि झाडाच्या आधाराने पिंपळी घेता येते. पाणी साचणाऱ्या चरात, थोडे ऊन मिळत असेल तर, वेखंड. दाट सावलीत औषधी उत्पादनाचा हट्ट धरू नये. तेथे रोपे जगतात पण उंच, फिकट आणि लुकडी होतात, कंद भरत नाही. तो भाग आम्ही रानालाच सोडून दिला आहे.

मृगांनी सोडलेली आणि आपल्या उपयोगाची

वाचकांच्या सोयीसाठी आमच्या अनुभवाला उतरलेल्या मुख्य वनस्पतींची थोडक्यात नोंद देतो.

अडुळसा : गुरे-शेळ्या तोंड लावीत नाहीत, म्हणून गावोगावी कुंपणाला लावतात. काडीने लागतो. विरळ सावलीत पान मोठे व रसदार मिळते. ताज्या पानांचा स्वरस हवा असणाऱ्या वैद्याला दाराशी अडुळसा असण्यासारखे सुख नाही.

निर्गुंडी : उग्रगंधी, काडीने लागणारी, छाटणी सोसणारी. तेलासाठी व पत्रपिंड स्वेदासाठी वर्षभर पाला मिळतो.

काळमेघ : पावसाळ्यात लावून फुलावर येताच, म्हणजे सुमारे तीन ते साडेतीन महिन्यांत, कापणी करावी. कोकणात यालाच ओले किराईत म्हणतात. येथे फार्मसीचालकांना एक विनंती आहे. काळमेघ म्हणजे हिमालयातील किराततिक्त नव्हे. दोन्ही तिक्त आहेत, दोन्ही ज्वरात उपयोगी आहेत, परंतु चिरायत्याच्या नावाने काळमेघ भरणे हे प्रतारणच आहे. काळमेघ आपल्या नावाने विकावा, तो तेवढा समर्थ आहे.

हळद, आंबेहळद, कचोरा : पाल्याला मृग शिवत नाहीत आणि रानडुकरांचा त्रास असलेल्या भागात शेतकरी मुद्दाम हळदीकडे वळतात. डुक्कर कंद खात नसले तरी गांडुळांसाठी वाफा उकरू शकते, हे गृहीत धरावे. मे-जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढणीस येते.

सर्पगंधा : मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा निबंध प्रसिद्ध केला आणि १९५२ साली तिच्यातील रेसरपीन वेगळे करण्यात आले. त्यानंतर जगभर मागणी वाढून रानातील सर्पगंधा ओरबाडली गेली. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. आमच्या बागेत तिच्या पानांना धक्का लागला नाही. मुळासाठी किमान दीड वर्ष थांबावे लागते, आणि थांबावेच.

चित्रक : त्वचेवर फोड उठविणारे तीक्ष्ण मूळ. जनावरे सोडतात. पण खणताना हातमोजे हवेत आणि चुन्याच्या निवळीत शोधन केल्यावाचून वापर नको.

कुडा : झाड लहान, चीक कडू, पाला सुरक्षित. साल वयस्क झाडाचीच घ्यावी. स्वतः लावलेल्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळ होऊच शकत नाही.

आमची दुसरी चूक

जून २०१७ मध्ये वरील यादीप्रमाणे सगळी बाग नव्याने लावली. वर्षभरात ती हिरवीगार झाली. सांबरे येत, हुंगत आणि निघून जात. येणारे-जाणारे कौतुक करू लागले आणि आम्ही स्वतःवर प्रसन्न होतो.

डिसेंबर २०१८ मध्ये आमच्यापैकी एकाच्या चिकित्सालयात दशमुळांच्या भरडीचा नवा माल आला. त्या काढ्याच्या पुड्या नेहमीप्रमाणे बाळंतिणींना दिल्या गेल्या. पंधरवड्याने लघुपंचमुळे सुटी मागविली, तेव्हा सालवणीच्या जुडीत मुळांऐवजी जाड खोडांचे तुकडे दिसले. शंका येऊन नमुना एका महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाला दाखविला. त्या जुडीत सालवण जवळजवळ नव्हतीच, असे तेथून कळले. भरडीत काय होते हे तर भरडल्यामुळे कोणालाच सांगता आले नसते. सुदैवाने कोणाला अपाय झाला नाही. पण आपण दोन प्रसूता स्त्रियांना काय दिले, हे आपल्याला ठाऊक नाही, ही जाणीव वैद्याला झोप येऊ देत नाही.

त्या दिवशी आमच्या हिरव्यागार बागेकडे आम्ही वेगळ्या दृष्टीने पाहिले. मृगांना नकोशी अशी बाग लावता लावता आम्ही तिक्त, कटु, तीक्ष्ण आणि उग्र द्रव्यांचेच भांडार भरले होते. कफाचे, ज्वराचे, आमाचे औषध तेथे होते. बाळंतिणीचे, क्षीणाचे, बालकाचे औषध नव्हते. बृंहण, स्तन्यजनन, रसायन अशी जी मधुर द्रव्ये, तीच मृगांनाही प्रिय आहेत. ज्या सालवणीसाठी बाग सुरू केली, ती सालवणच तेथून बाद झाली होती. मृगाला काय नको एवढेच पाहून केलेली निवड ही बागेची सोय होती, रुग्णाची नव्हे.

तीन वलयांची रचना

जून २०१९ पासून आम्ही मृगांनी सोडलेल्या वनस्पतींचा उपयोग मृगांना आवडणाऱ्या वनस्पतींच्या रक्षणासाठी करू लागलो.

बाहेरच्या वलयात निर्गुंडी व अडुळसा यांच्या दोन ओळी, एकमेकींच्या मधल्या जागा भरतील अशा, दीड ते दोन फुटांच्या अंतरावर. मध्ये मध्ये कुडा. वर्षातून दोनदा छाटणी केली की बुंध्यापासून दाट होते आणि भेकराची खालची वाट बंद होते. दाट, उंच कुंपणापलीकडचे न दिसल्यास सांबर सहसा उडी घेत नाही, असा आमचा अनुभव आहे. छाटलेला पाला वाया जात नाही, तो औषधात जातो.

मधल्या वलयात हळद, आंबेहळद, कचोरा, कोष्ठकोळिंजन, काळमेघ, सर्पगंधा आणि चित्रक. या पट्ट्याची रुंदी पंधरा फुटांहून कमी नसावी.

गाभ्यात केवळ दोन गुंठे जागा. तिला मात्र आठ फूट उंचीची जाळी, खाली एक फूट जमिनीत गाडलेली, म्हणजे साळिंदरालाही अटकाव होतो. वीस गुंठ्यांना जाळी करणे आम्हाला परवडले नसते, दोन गुंठ्यांना परवडले. येथे सालवण, शतावरी आणि अशोकाची रोपे आहेत. पिठवणीला ऊन अधिक हवे, म्हणून ती गाभ्याच्या दक्षिणेकडील उघड्या कडेला. पिंपळीही जाळीच्या आतच ठेवली आहे, कारण तिची तिखट फळे सुरक्षित असली तरी तिच्या कोवळ्या वेलाविषयी आम्हाला खात्री नव्हती. अशोक सांबराच्या तोंडाच्या वर गेला आणि त्याचे खोड मनगटाहून जाड झाले की त्याला जाळीबाहेर राहता येईल, या हिशेबाने काही रोपे कडेला लावली आहेत.

गुळवेलीसाठी जाळी लागत नाही. तिला जुन्या झाडावर चढविली आणि खालचे सहा-सात फूट खोड डोरलीच्या वा अन्य काटेरी फांद्यांनी वेढले की वरचा विस्तार तिचा तिनेच राखावा. खालचा पाला भेकराने खाल्ला तरी औषधी कांड वर सुरक्षित राहते.

ही रचना आता स्थिरावली आहे. नुकसान होत नाही असे नाही. कडक उन्हाळ्यात हळदीचा एखादा वाफा उकरला जातो, क्वचित कुड्याच्या खोडाची साल शिंगाने सोलली जाते. परंतु बाळंतिणीच्या काढ्यातील सालवण व पिठवण आम्ही आमच्या हाताने खणतो, धुतो आणि सावलीत वाळवितो. आमच्या गरजेपुरती ती पुरते. विक्रीसाठी पुरत नाही आणि तसा हेतूही नाही.

सावधगिरीच्या काही गोष्टी

पहिली, कुंपणात थेट वीज सोडणे, फास लावणे, विष ठेवणे हे प्रकार कायद्याने गुन्हा आहेतच, वैद्याच्या हातून तर ते कल्पनेतही नसावेत. अशा तारेने माणसेही दगावली आहेत.

दुसरी, मृगांना नको म्हणून लांगली, धोत्रा यांसारखी विषारी झाडे कडेने लावण्याचा मोह होतो. ज्या वाटेने शाळेतली मुले जातात तेथे ती लावू नयेत. आम्ही ती बाहेरच्या वलयातून मुद्दाम वगळली आहेत.

तिसरी गोष्ट विशेषतः फार्मसीचालकांसाठी. अशा बागेत सांबराचे गळलेले शिंग कधी तरी सापडते. मृगशृंग हे आपल्या ग्रंथांतील द्रव्य असले तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते बाळगणे, वापरणे वा विकणे आपल्याला मोकळे नाही. असे शिंग शासनाची मालमत्ता ठरते आणि ते हाती आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. ते गळलेले होते, मारलेले नव्हते, हा युक्तिवाद तेथे चालत नाही.

चौथी, बागेसाठी रोपे व बी रोपवाटिकेतून घ्यावे. अभयारण्यातून मुळासकट उपटून आणलेली सर्पगंधा आपल्या बागेत जगली तरी तिचा लाभ आपल्याला लागत नाही.

उपसंहार

ज्यांची जागा जंगलाकडेला आहे, त्यांना आमचे निवेदन एवढेच. प्रथम एक उन्हाळा काहीही न लावता जागा पाहावी. कोणते जनावर कोणत्या वाटेने येते, काय खाते आणि काय हुंगून सोडते, याची वही ठेवावी. ही वही म्हणजे त्या भूमीवरचा जिवंत निघंटूच होय. त्यानंतर मृगांनी सोडलेल्या वनस्पती मुबलक लावाव्यात. पण त्यांच्या आत दोन गुंठे का होईना, जागा अशा द्रव्यांसाठी राखावी ज्यांची मृगालाही ओढ असते आणि आपल्या रुग्णालाही गरज असते. पैसा, जाळी आणि श्रम यांचा खर्च तेथेच करावा.

मामा अधूनमधून येतात. गाभ्याच्या जाळीला हात लावून ते एकदा म्हणाले, "आता जमलं डाक्टर. बाहेर त्यांचं, आत तुमचं." आम्ही त्यांना चहाबरोबर आलेपाक दिला. तो आल्याचा होता, आणि आले आमच्याच मधल्या वलयातले.